सातवा भाग

कुठल्याही वाचनालयात पुस्तक मागितलं की पुस्तक मिळतं. आमच्या भागवाल्या ताईंकडे आधी प्रश्न मिळायचा.

"चौथा भाग पाहिजे? तिसरा वाचला?"

वाचला, असं म्हणून सुटका नव्हती. "मग सांग, केतकीनं काळी नदी कशी ओलांडली?" उत्तर अडखळलं की पुस्तक परत कपाटात. एकदा तिसरा भाग कुणीतरी घरी दाबून बसलं होतं आणि चौथा माझ्या डोळ्यांसमोर कपाटात होता. मी बी.कॉम.ला होते, चांगली मोठी होते. हात जोडले, भांडले, शेवटी रडकुंडीला आले. ताई ढिम्म. "मधूनच सुरू करशील तर मधूनच सोडशील. बैठ जा, तिसरा येईल." तिसरा यायला महिना लागला. तो महिना मला अजून आठवतो आणि अजून राग येतो.

त्यांचं खरं नाव सुमनताई. माळव्यातल्या आमच्या शहरात, परदेशीपुऱ्यात, मराठी मंडळाचं वाचनालय होतं, पिठाच्या चक्कीच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली चक्की सुरू झाली की वर फरशी थरथरायची आणि पुस्तकांवर पिठाची पातळ साय धरायची. ताई तिथे जवळजवळ फुकटच काम करायच्या. उजव्या हातात फडकं, डाव्या हातात पुस्तक. पुसायचं, उघडायचं, आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचून घ्यायची. समोर माणूस ताटकळत असला तरी पान पुरं झाल्याशिवाय मान वर नाही.

'भागवाली' हे नाव पडलं ते काजळगडाच्या मालिकेमुळे. पुण्याहून यायची ती, साधारण वर्षा-दोन वर्षांनी एक भाग. एक देश आहे, तिथे सूर्य उगवायचाच थांबला आहे. झोपेच्या राजानं गावंच्या गावं निजवून टाकली आहेत. माणसं मेलेली नाहीत, पण उठतही नाहीत. आणि केतकी नावाची एक साधी दिवटी धरणारी मुलगी काजळगडाकडे निघाली आहे, त्या राजाला जाब विचारायला. सोबत एक घोडा. तो बोलतो, पण खोटंच बोलतो. त्याला रस्ता विचारायचा आणि तो सांगेल त्याच्या उलट जायचं. मोठ्या माणसांनी नाक मुरडावं अशीच गोष्ट. पण आमच्या वस्तीत ती वाचायला रांग लागायची.

का, ते ज्याचं त्याला विचारावं लागे. कापडाच्या मिलमध्ये वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या कमलबाई म्हणायच्या, "त्या पोरीला कुणी सीधं सांगत नाही, आणि ती कुणाचं मुकाट ऐकत पण नाही. म्हणून आवडते मला." कोपऱ्यावर चहाची गाडी लावणारा लखन मूळचा माळव्यातलाच, घरी मराठी नाही. लिपी तीच म्हणून तो अक्षर अक्षर लावत वाचायचा आणि घोड्यापाशी आला की एकटाच हसायचा. "ताई, ये घोडा तो अपने मोहल्ले का है." मला आवडायचा तो मुखपृष्ठाच्या आतला नकाशा. शहराजवळचे राऊ आणि हातोदसुद्धा मला सरळ दाखवता आले नसते, पण काजळगडाकडे जाणाऱ्या तिन्ही वाटा मला पाठ होत्या. आमच्या आयुष्यात कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असायचं. त्या नकाशात चुकायला जागा होती.

ताईंना स्वतःला काय आवडायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "फालतूची चौकशी नको. वाच आणि परत कर."

त्यांच्या यजमानांना आम्ही जॉबरकाका म्हणायचो. मिलमध्ये विणकामाच्या खात्यात जॉबर होते, हाताखाली पुष्कळ माग, पुष्कळ माणसं. आवाज असा की मागांच्या खडखडाटातून पलीकडे जावा, आणि घरीही तोच. बायकोच्या पुस्तकांची त्यांना चीड होती. एकदा वाचनालयात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "सूर्य उगवत नाही म्हणता ना तुमच्या त्या गावात? मग गहू कसा पिकतो? खातात काय ते लोक? एवढं तरी सांगा कुणी मला!"

ताईंनी फडकं झटकलं. "वाचा, मग कळेल."

"मला इतका टाइम नाही."

सहावा भाग आला तेव्हा ताईंनी तो सगळ्यांच्या आधी स्वतः वाचला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. का ते आम्हाला वाचल्यावर कळलं. केतकी काजळगडाच्या दारापाशी पोचते. दिवटी विझत आलेली. दार आतून उघडतं, आणि दार उघडणाऱ्याला ती ओळखते. बस. तिथेच पुस्तक संपतं. कोण होतं दारात, ते पुढच्या भागात.

पुढचा भाग आला नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. जो तो जिना चढून विचारायचा, "ताई, सातवा?" आणि ताई खेकसायच्या, "मी छापते का?"

मिलचं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. मिल बंद झाली असं कुणी कधी म्हणालंच नाही. आधी रात्रपाळी गेली. मग म्हणाले कापूस नाही. मग बिजली कटली. मग मामला कोर्टात आहे, होईल काहीतरी. माणसं घरी बसली, पण नोकरी गेली असंही म्हणता येईना. जॉबरकाका सकाळी डबा न घेता गेटपर्यंत जायचे, बंद फाटकापाशी उभ्या असलेल्या चार जणांशी दोन शब्द बोलायचे आणि परत यायचे. हळूहळू ते दोन शब्दही संपले. एवढा मोठा आवाज, तो कुठे गेला कळेना. ताई विचारायच्या, भाजी काय करू? ते भिंतीकडे बघत. पोरानं भोपाळला नोकरी धरली, त्याचं पत्र वाचून दाखवलं, तरी हूं नाही की चूं नाही.

बाहेर शहर मात्र भलत्याच जोरात पळायला लागलं होतं. घराघरांवर केबलच्या तारा आल्या, भंवरकुआं चौकात रोज नव्या कोचिंग क्लासची पाटी लागत होती. मंडळाच्या कमिटीनं ठरवलं की कादंबऱ्यांची कपाटं रिकामी करून स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवायची. एक मेंबर म्हणाले, "ताई, जमाना बदल गया. परीकथा कोण वाचतं?"

"हे काय, रांग दिसत नाही का?" ताई म्हणाल्या. त्या दिवशी रांगेत मी आणि कमलबाई, दोघीच होतो. शेवटी एक कपाट वाचलं. त्यात काजळगड राहिला.

त्यातला पहिला भाग ताईंनी घरी नेला आणि काकांच्या समोर ठेवला. ते मी पाहिलं आहे, कारण आमचं घर त्यांच्या समोरच होतं आणि त्यांचं दार दिवसभर उघडं असायचं. पुस्तक तिथे कितीतरी दिवस तसंच पडून होतं. मग एकदा दुपारी मी दही मागायला गेले तर काका चष्मा लावून वाचत होते. मी तोंड उघडणार तोच ताईंनी डोळ्यांनी मला दटावलं.

काकांनी मग मागे वळून पाहिलं नाही. खाटेवर, ओट्यावर, नळाच्या रांगेत, हातात पुस्तक. एक दिवस ते समोरून आमच्या घरात शिरले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "दुसऱ्या भागात लिहिलंय, खातात काय ते लोक. बरोबर लिहिलंय. विचार केलाय लिहिणाऱ्यानं." कितीतरी महिन्यांनी त्यांचं इतकं लांब वाक्य ऐकलं होतं. ताईंनी हे ऐकलं आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली.

सहावा संपला त्या दिवशी गल्लीभर आवाज गेला. "पुढे काय? सातवा कुठाय?"

"नाही आला."

"नाही आला म्हणजे? असं थोडीच असतं! माणसाला दारात उभं करून निघून जायचं? कोण आहे तो लेखक? हरामखोर आहे!" ते इतके संतापले की वडील धावत गेले. मला वाटतं, मिलवर, कोर्टावर, मालकावर जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या लेखकाच्या वाट्याला गेलं.

पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज होती म्हणून ताई पुण्याला गेल्या. मुंज तर होतीच, पण त्या लेखकाकडे जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या परत आल्या त्या संध्याकाळी वाचनालयात बरीच माणसं जमली. कमलबाई आल्या, लखन गाडी सोडून आला, काका खुर्ची ओढून पुढेच बसले.

"भेटला?" काकांनी विचारलं.

"भेटला. टीव्हीच्या मालिका लिहितो आता. मोठा फ्लॅट आहे. म्हणाला, प्रकाशकानं नको म्हटलं, खपत नव्हतं, मी पण सोडून दिलं. कुणी विचारलंच नाही म्हणे. मी म्हटलं, मी विचारतेय ना!"

"मग?"

"मग घड्याळ बघितलं त्यानं. खाली गाडी उभी होती. म्हणाला, बसा, पाच मिनिटांत सांगून टाकतो शेवट."

काकांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"मी म्हटलं, राहू द्या. आणि आले निघून."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. लखननं कपाळाला हात लावला. कमलबाई म्हणाल्या, "अहो, आमचा तरी विचार करायचा!" मी तर ओरडलेच. शेवट त्या माणसाच्या तोंडात होता, ताई समोर बसल्या होत्या आणि नको म्हणून उठून आल्या! एवढा हट्ट? कुणासाठी?

"सहा भाग जीव लावून वाचले आपण," ताई म्हणाल्या. "तो उभ्या उभ्या गुंडाळणार होता. मेलं कोण, जिंकलं कोण, चला, नमस्कार. असं गुंडाळून घ्यायला मी इतक्या लांब गेले होते का? मिल काय, वाचनालय काय, असं तर इथे पण करतातच आहेत की सगळे."

काका उठले आणि जिना उतरून गेले. पुष्कळ दिवस त्यांनी ताईंशी अबोला धरला. मीही धरला. मला वाटायचं, ह्या बाईला लोकांच्या तहानेपेक्षा स्वतःचा ताठा मोठा.

मग काकांची छाती बिघडली. मिलमधल्या कापसाची आयुष्यभराची रुई आत बसली होती, डॉक्टरनं सांगितलं. दवाखान्याचे खेटे झाले, मग तेही थांबले आणि ते खाटेला लागले. मला तोवर भंवरकुआंला एका क्लासच्या ऑफिसात नोकरी लागली होती. एका रविवारी दुपारी मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. दाराशी आले तर आतून ताईंचा आवाज.

"...तर दारात तिची आई होती. पण डोळे मिटलेले. झोपेतच दार उघडलं होतं तिनं."

"आई? ती तर दुसऱ्या भागात..."

"मेली असं घोड्यानं सांगितलं होतं. घोड्याचं कुणी खरं मानतं का?"

खाटेवरून हसण्याचा आवाज आला आणि मागून खोकला. मी आत पाऊल टाकलं तसा काकांनी हात वर केला. "थांब. भाग चालू आहे. नंतर ये."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि परत आले. त्यानंतर रोज दुपारी ते चालायचं. दार उघडंच असायचं, पण सगळं बोलणं आमच्या घरापर्यंत पोचायचं नाही. कधी काकांचं "असं कसं?" ऐकू यायचं, कधी ताईंचं "ऐका तर." कधी दोघं भांडत. केतकीनं डाव्या जिन्यानं जायला नको होतं, यावरून एकदा तर मोठं भांडण झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ती गोष्ट संपायचं नाव घेईना. काका वाळून काडी झाले होते, पण दुपार झाली की उशीला टेकून बसायचे.

दिवाळीच्या आधी ते गेले.

ताईंचा मुलगा त्यांना भोपाळला न्यायला आला. सामान मेटाडोरमध्ये चढत होतं. वाचनालय तोवर कमिटीनं बंदच केलं होतं. मी ताईंपाशी जाऊन उभी राहिले. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"ताई, काकांना रचून सांगितलेला सातवा भाग... त्याचा शेवट काय केलात?"

"तिथवर पोचलोच नाही आम्ही," त्या म्हणाल्या. "मी पोचूच दिलं नाही. वाटायचं, संपवलं नाही तर हा माणूस जाणार नाही. दिमाग खराब झाला होता माझा. न संपवता पण गेलेच की."

"मग आता सांगा ना शेवट. तुम्हाला माहीत असेल."

"नाही माहीत. खरंच नाही." त्या चिडल्या, माझ्यावर की स्वतःवर ते कळलं नाही. "शेवटाचं काय घेऊन बसली आहेस तू? मिल थांबल्यापासून त्या माणसानं ह्या गोष्टीशिवाय कशाचं 'पुढे काय' असं कुणाला विचारलं नव्हतं. मला रोज विचारायचे."

मुलानं हाक मारली. ताई पदर खोचून पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला, भिया."