शिशावरचं मीठ

माझा भाऊ सहा वर्षांचा असताना एकदा म्हणाला होता की शिशावरचं मीठ गोड लागतं. त्यावर मी इतकी हसले की ती गोष्ट वसईच्या पाचूबंदरातल्या आमच्या घरातून शेजारच्या चार घरांत पोचली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मीठ गोड लागतं म्हणणाऱ्या मुलाचं डोकं कसं असेल, हे सगळ्यांना पटवून द्यायला मला वेळ लागला नाही. पुढे कित्येक वर्षं कालवण अळणी झालं की कुणीतरी म्हणायचंच, त्याला विचारा, त्याला गोड लागलं असेल. तोही आमच्याबरोबर हसायचा.

शिसं म्हणजे जाळ्याचं शिसं. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या बसवतात, त्यांच्या वजनाने जाळं पाण्यात उभं राहतं. बाबा होडी बघायचे आणि जाळी आई बघायची. आमच्या पडवीत जाळ्यांचा ढीग बारा महिने पडलेला असायचा, आणि भाऊ त्याच्यावरच खेळायचा, झोपायचा. आई फाटक्या जाळ्यांतल्या गोळ्या काढून नव्या जाळ्याला लावायची. गोळीला एक चीर असते. तिच्यात दोर घालायचा आणि चीर दाबून बंद करायची. मोठी गोळी हातोडीने दाबायची, लहान गोळी दाताने. गप्पा न थांबवता आई गोळी दाढेत धरायची, कचकन दाबायची आणि पुढची उचलायची. अगदीच झिजलेल्या गोळ्या एका जुन्या लोखंडी कढईत वितळवून ती पुन्हा ओतायची, चुलीवर, पडवीच्या पायरीशी.

खाऱ्या पाण्यात राहून आलेलं जाळं दमट पडवीत पडून राहिलं, की गोळ्यांवर पांढरा थर धरायचा. बोट लावलं तर पिठासारखा बोटाला यायचा. आम्ही त्याला खार म्हणायचो. समुद्रातून आलेल्या वस्तूवर काही पांढरं दिसलं तर ते मीठ, यात शंका घेण्यासारखं काय होतं? मीठ होडीवर असायचं, दोरावर असायचं, बाबांच्या भुवयांवरही असायचं. आई गोळ्या पदराने पुसायची, आणि त्याच पदराने भावाचं तोंड.

गंजाला मात्र आम्ही भ्यायचो. समुद्राकाठच्या घरात लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज हात लावला की पापुद्र्यांनी सुटतात, कड्या-कोयंडे दोन-तीन वर्षांत लाल होतात. गंजलेला खिळा पायात गेला की धनुर्वाताच्या सुईसाठी पळायचं, एवढं शिक्षण प्रत्येक घरात होतं. गंज लाल असतो, कपड्याला डाग पाडतो, म्हणून तो वाईट. शिसंही झिजतं, त्यालाही खारं पाणी खातं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते पांढरं होतं आणि स्वच्छ दिसायचं.

मी त्या घरात फार राहिलेच नाही. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि तिचा नवरा निर्मळच्या शाळेत शिक्षक होता. मला दीड वर्षाचीच तिने नेलं. केळीच्या वाड्यांमध्ये त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे मी वाढले, पाठांतरात पहिली आले, बक्षिसं मिळवली, आणि पुढे स्वतःही शिक्षिका झाले. पाचूबंदरला मी सुट्टीपुरती यायचे आणि आल्या आल्या भावाला पाढे विचारायला बसायचे. त्याला सहाचा पाढा यायचा नाही. आज आला तर उद्या विसरायचा. 'क्ष' हे अक्षर काढताना पेन्सिल मध्येच थांबायची आणि तो खिडकीबाहेर बघत बसायचा. माझ्याकडे एक लाकडी पट्टी होती. मी तिने त्याच्या बोटांवर मारायचे, उलट्या हातावर, जिथे हाड असतं तिथे. आई मध्ये पडत नसे. शिकलेली मुलगी शिकवते आहे म्हटल्यावर ती गप्प बसायची. मी त्याला ढ म्हणायचे, आणि मी म्हणते म्हणून शाळेतले गुरुजीही म्हणायला लागले. सातवीनंतर तो होडीवर गेला.

आजही बँकेचा किंवा होडीच्या परवान्याचा काही फॉर्म आला की तो माझ्याकडे घेऊन येतो. मी बस म्हटलं तरी बसत नाही. मी लिहून संपवेपर्यंत दाराशी उभा राहतो. मला वाटायचं, घाईत असतो.

त्याचं लग्न उशिरा झालं, मुलगी त्याहून उशिरा. मागच्या वर्षी ती चार वर्षांची झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. चेहरा पांढुरका पडला. चिडचिड इतकी की वेणी घालायला कुणी जवळ गेलं तरी किंचाळायची. भूक नाही. आणि मला सगळ्यात जास्त जे खटकलं ते म्हणजे ती कमी बोलायला लागली. आदल्या वर्षी जी गाणी म्हणायची, ती आता अर्ध्यावर सोडून द्यायची. मी इतकी वर्षं पोरं शिकवलेली बाई. मी ताबडतोब निदान केलं की मोबाइल. भावाच्या बायकोला मी घरातल्या सगळ्यांसमोर झापलं, पोरीला फोन देऊन तू मासे विकायला बसतेस, दुसरं काय होणार. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. फरक पडेना.

शेवटी वसईतल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिला नेलं. मी मुद्दाम बरोबर गेले, कारण भावाच्या बायकोला नीट सांगता येणार नाही अशी माझी खात्री होती. डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं आणि मग घरात कसलं काम चालतं ते विचारलं. मी म्हटलं, मासेमारी. त्यांनी माझ्याकडे न बघता भावाच्या बायकोला विचारलं की मुलगी दिवसभर कुठे खेळते, तोंडात काय घालते. ती हळूच म्हणाली, आजीजवळ जाळ्यात बसते, आणि शिशावरचं मीठ चाटते. कितीही ओरडलं तरी चाटते. गोड लागतं म्हणते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. शिसं खाऱ्या पाण्याने आणि दमट हवेने झिजतं, त्याचा क्षार होतो, पांढरी बारीक पूड होऊन तो सुटतो. हाताला, कपड्याला, जमिनीला लागतो. वितळवताना धुरातूनही जातो. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं शरीर तो जास्त ओढून घेतं. रक्त कमी होतं, पोट दुखतं, आणि वाढत्या मेंदूवर परिणाम होतो. मुलं चिडकी होतात, लक्ष लागत नाही, शिकलेलं टिकत नाही. मग त्या म्हणाल्या, "शिशाचे काही क्षार चवीला खरंच गोडसर लागतात. मुलं म्हणूनच पुन्हा पुन्हा चाटतात."

समोर चार वर्षांची पोर आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, आणि मला सहा वर्षांचा दुसराच मुलगा दिसत होता. तो खरं बोलला होता. घरातला तो एकटाच असा होता की त्याने ते चाखलं होतं आणि कसं लागतं ते सांगितलं होतं. मी त्यावर विनोद केला आणि तो छत्तीस वर्षं चालवला.

रक्ताचा नमुना मुंबईला गेला. आठवड्याने रिपोर्ट आला. आकडा वाईट आला. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यात मोठं औषध म्हणजे पोरीला त्या पुडीपासून लांब नेणं. त्याच आठवड्यात तिला तिच्या आईच्या माहेरी पाठवलं. आम्ही जाळी पडवीतून उचलून बंदरावरच्या शेडमध्ये नेली. झाडू मारायचा नाही, पूड उडते. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं फेकून द्यायचं. तीन वेळा पडवी पुसली तरी फरशीच्या सांध्यातून राखाडी पाणी निघत होतं.

आईला सांगणं माझ्या वाट्याला आलं. ती बहात्तर वर्षांची आहे, अजून दाताने गोळी दाबते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मिठानं कोनाचं वाईट झालंय?" मी म्हटलं, ते मीठ नव्हतं. तिने आपल्या पदराकडे बघितलं. मग तो कमरेला घट्ट खोचला. तिचंही रक्त तपासलं, त्यातही शिसं निघालं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आईने स्वतःचा रिपोर्ट बघितला नाही. महिन्याभराने पोर भेटायला आली आणि सवयीने तिच्याकडे धावली, तेव्हा आईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. आत जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं बदललं, आणि बाहेर येईपर्यंत पोर रडून थकून गेली होती. मला आईची इतकी दया आली की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एक दिवस मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. भावाचं सगळं सांगितलं. पाढे, 'क्ष', खिडकी, पट्टीसुद्धा. विचारलं, तो शिशामुळेच तसा झाला का? त्या म्हणाल्या, असू शकेल. नसूही शकेल. तेव्हा त्याच्या रक्तात किती होतं ते आता कळणार नाही, आणि लहानपणी मेंदूचं काय झालं ते दाखवणारी तपासणी नाही. मला त्यांच्याकडून हो हवं होतं. निदान नाही तरी. दोन्ही मिळालं नाही.

रिक्षात बसल्यावर मला आणखी एक सुचलं, आणि ते अजून माझी पाठ सोडत नाही. मी हुशार म्हणून पहिली आले असं मी जन्मभर समजत होते. मी पडवीत वाढले असते तर? त्या ढिगावर रोज लोळले असते, खार चाटला असता, तर सहाचा पाढा मला आला असता का? मावशीला मूल नव्हतं, एवढ्यावर माझी सगळी बक्षिसं उभी होती. आणि त्या बक्षिसांच्या जोरावर मी एका मुलाच्या बोटांवर पट्टी मारत होते.

भावाला सांगायला मला दोन आठवडे लागले. तो बंदरावरच्या शेडमध्ये होता. दुपारची वेळ, ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडल्या होत्या. हातात मोजे घालून, तोंडाला फडकं बांधून तो जुन्या जाळ्यांच्या गोळ्या कापून डब्यात टाकत होता. मी त्याच्यासमोर उलट्या क्रेटवर बसले. डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं, असू शकेल आणि नसूही शकेल यांच्यासकट. मग म्हटलं, तू गोड म्हणालास ते खरं होतं, आणि मी तुला ढ म्हणाले, मारलं, ते मी फार वाईट केलं. माझं चुकलं. हे वाक्य मी त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

तो कापतच राहिला. मग त्याने विचारलं की पोरीचा दुसरा रिपोर्ट कसा आहे. मी म्हटलं, आकडा उतरला आहे, पण झालेलं नुकसान किती आणि त्यातलं भरून किती येईल हे ती शाळेत गेल्यावरच कळेल. जूनपासून ती शाळेत जाणार आहे. कदाचित तिला इतरांपेक्षा वेळ लागेल, रोज जवळ बसून करून घ्यावं लागेल. कदाचित काहीच होणार नाही.

त्याने फडकं खाली ओढलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, दाढीत पांढरे केस. म्हणाला, "बाय, पोरीला तू शिकव. तुला येतं. पन तिला मारू नको."

मी म्हटलं, नाही मारणार.

त्याने मान हलवली आणि पुढची गोळी हातात घेतली. कापली नाही. हातातच ठेवून खाली बघत पुन्हा म्हणाला, "मारू नको."