खिळ्यावरचा बोर्ड

असेंब्लीकाकांच्या खुर्चीमागे भिंतीत एक खिळा होता आणि त्या खिळ्याला सुतळीत ओवलेला एक जळका सर्किट बोर्ड. ज्याच्या प्रोग्रॅममुळे स्टार्टर अडकायचा, त्याने तो दिवसभर गळ्यात घालायचा आणि सगळ्यांना चहा द्यायचा. उदगीरच्या त्या कारखान्यात आम्ही वीज आली की विहिरीवरचे पंप आपोआप चालू करणारे, चिपवर चालणारे ऑटो स्टार्टर बनवायचो आणि काका आमचे साहेब होते. इतका दुष्ट माणूस मी पुन्हा पाहिला नाही. इतका हुशारही नाही.

असेंब्ली म्हणजे थेट चिपच्या हुकमांची भाषा, आणि ती प्रत्येक जातीच्या चिपची वेगळी असते. काकांनी जन्मभर एकाच चिपशी संसार केला. दुसऱ्या भाषेचं नाव काढलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "पायथन? एवढ्याशा चिपवर हत्ती बसवायलास का? अन् सी म्हंजे आळशांची भाषा."

शाहीन नवी आली तेव्हा म्हणाली, "काका, मी सीमध्ये लिहिते. उद्या चिप बदलली तरी थोडंच बदलावं लागंल."

"तुझा नवरा बदलंल बाई, ही चिप न्हाई बदलायची," काका म्हणाले. तिचं लग्न नुकतंच मोडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. आम्ही सगळे हसलो. ती मात्र सीमध्येच लिहीत राहिली. पुढे तिचा एक स्टार्टर अडकला, तेव्हा काकांनी तिला गळ्यात बोर्ड घालून नेमकं गेटवर उभं केलं. तिचे अब्बा तिला न्यायला यायची ती वेळ होती.

मग ती चिप बाजारात मिळेनाशी झाली. मालकांनी नवी आणली. शाहीनचा प्रोग्रॅम किरकोळ बदलांनी त्याच आठवड्यात चालू झाला. काकांच्या जन्मभराच्या लिखाणातली एक ओळही नव्या चिपला कळेना. रब्बीच्या आत माल द्यायचा होता. मालक म्हणाले, आता सगळं सीमध्ये, शाहीन सांगेल तसं.

"या वयात म्या आळशांची भाषा शिकणार न्हाई."

"मग उद्यापासून नका येऊ," मालक शांतपणे म्हणाले.

काका निघाले तेव्हा शाहीनने खिळ्यावरचा बोर्ड काढला. आम्हाला वाटलं, कचऱ्यात टाकेल. तिने तो काकांच्या गळ्यात घातला. "चहा, काका."

काकांनी खरंच चहा दिला. कुणी 'राहू द्या' म्हटलं नाही. शेवटचा कप त्यांनी तिच्यापुढे ठेवला. तिने एक घोट घेतला. "साखर कमी हाय," ती म्हणाली. काका साखर आणायला आत गेले.

मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही. आठवण मात्र लई येते.

त्या खुर्चीत आता शाहीन बसते. खिळा तिथेच आहे, बोर्ड तेवढा नवा आहे. जुना गळ्यात तसाच ठेवून काका लातूरच्या एसटीत बसले होते.