देवरावजींच्या गळ्यातली माळ

स्लाईड मायक्रोस्कोपखाली तशीच ठेवून मी जिना उतरलो. सदर नावाच्या वस्तीत खाली सरांचा दवाखाना, वर माझी पॅथॉलॉजी लॅब. सर सिनियर फिजिशियन. गोष्ट सत्तरच्या दशकातली.

"सर, देवराव टेलरचं हिमोग्लोबिन सात आहे. पण लोह कमी नाही, बी-ट्वेल्व्ह कमी आहे."

"कशावरून?"

"तांबड्या पेशी फार मोठ्या आहेत. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला तीन-चार पाकळ्या असतात, इथे सहा-सहा आहेत."

रक्तातलं बी-ट्वेल्व्ह मोजायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. पेशींवरूनच ओळखायचं.

"कारण?"

"गळ्यात तुळशीची माळ आहे, सर. मटण-मासळी वर्ज्य. आहारातून मिळत नसणार."

रिपोर्टवर तसंच टाइप केलं. सरांनी बी-ट्वेल्व्ह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहिल्या.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरा झालं. मी खूश. देवरावजी म्हणाले, "रक्त वाढलं म्हणता, पण पायाले मुंग्या येऊन राहिल्या."

"जातील हळूहळू," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

पुढे तीन महिन्यांनी ते लॅबमध्ये आले, तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. ती जिन्यातच निसटली होती आणि त्यांना कळलंच नव्हतं.

"पाय जमिनीवर आहे का नाही, मलेच समजत नाही साहेब. मशीनचं पायडल चुकते. धंदा कसा करू?"

तेव्हा कुठे मी विचारलं, "देवरावजी, माळ कधी घातली?"

"काहून? वरीसही नाही झालं. त्याच्या आधी तं दर रविवारी सावजी मटण लागेच मले."

मी खुर्चीत बसलो. यकृतात बी-ट्वेल्व्हचा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो. वर्षभराच्या पथ्याने तो संपत नाही. मग दोष ताटात नव्हता, पोटात होता. जठराच्या अस्तरातून एक द्रव्य पाझरतं. त्याच्याशिवाय आतडं बी-ट्वेल्व्ह शोषून घेत नाही. देवरावजींचं अस्तर झिजलं होतं, त्यामुळे गोळ्यांतलं बी-ट्वेल्व्ह वाया जात होतं. फॉलिक ॲसिडने रक्त तेवढं सुधारलं आणि आम्ही निर्धास्त झालो. नसा खराब होतच राहिल्या.

सरांनी त्याच दिवशी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन सुरू केलं. बधिरपणा वाढायचा थांबला, पण गेलेली जाणीव परतली नाही.

"मंग माळेचा काही दोष नाही ना, साहेब?" त्यांनी विचारलं. एवढीच काळजी होती त्यांना.

"नाही. चूक माझी आहे."

ते मशीनवर पुन्हा बसले नाहीत. दुकानात हाताने काज-बटण करत. माझ्या ॲप्रनची काजंही त्यांचीच.

दिसतं तसं नसतं, हे मायक्रोस्कोपवर बसणाऱ्याला तरी सांगावं लागू नये. पेशी मी एकेक करून मोजल्या. माळ मात्र लांबून पाहिली आणि विचारलं काहीच नाही.