गाडीतला पिवळा दिवा आणि ह्यांचा एकच शब्द

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. ह्यांनी वीस-बावीस वर्षं एकही संकष्टी चुकवली नाही. सेलूहून केळझरला जायचं, टेकडी चढून गणपतीचं दर्शन घ्यायचं, आणि मगच संध्याकाळचं जेवण. अशा माणसाची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडावी आणि वाचा जावी, याचा हिशेब मला देवाकडून हवा होता. तो मिळत नव्हता, म्हणून मी रुसले होते.

हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ती गरजेपेक्षा कुतूहलापोटीच. इंजिन नाही, आवाज नाही, मग ही चालते कशी, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. रविवारी बॉनेट उघडून तासन्‌तास नुसते बघत बसायचे. मलाही त्यांनीच हट्टाने ती चालवायला शिकवलं. त्या शिकवण्याचं मोल मला पुढे कळलं. आजारपणानंतर आठवड्यातून तीनदा वर्ध्याला वाचोपचारासाठी जावं लागे. एकदा बसने गेलो, तर पायरीवरच ह्यांचा उजवा पाय अडकला आणि दोघंही पडलो. तेव्हापासून गाडी हाच आमचा आधार. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की पहिलं वर्ष महत्त्वाचं, खंड पडू देऊ नका.

ह्यांच्याजवळ दोनच शब्द होते. एक ‘हो’, जो होकारालाही यायचा आणि नकारालाही. दुसरा ‘पाणी’, तो पावसाळा लागल्यावर आला. डॉक्टरांनी समजावलं होतं की अशा आजारात माणसाला म्हणायचं एक असतं आणि तोंडून निघतं दुसरंच. ते ऐकल्यापासून मी त्या शब्दांचा अर्थ शोधणंच सोडून दिलं होतं.

उन्हाळ्यात महिनाभर आम्ही मुलीकडे राहिलो, उपचार तिथेच चालू ठेवले, गाडी इकडे अंगणात उभीच होती. परत आलो, आषाढ लागला, आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. समोर स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागायचा आणि खाली अक्षरं उमटायची की विद्युत यंत्रणेत बिघाड आहे, गाडी तपासून घ्या. कधी लगेच विझायचा, कधी घरी येईपर्यंत तसाच. नागपूरच्या दुरुस्ती केंद्रात गाडी दोन दिवस ठेवली. त्यांनी संगणक जोडून पाहिला, दहा ठिकाणचे दहा बिघाड निघाले. शेवटी तिथला माणूस म्हणाला की गाडी म्हातारी झाली, मोठी बॅटरी गेलेली दिसते, आता विकून टाका. मला ते पटलं नाही. बॅटरी गेली असती तर गाडी पूर्वीइतकी लांब कशी चालली असती? मी एक वही केली. दिवा कधी लागला, कुठे लागला, रस्ता कसा होता, पाऊस होता की ऊन, सगळं टिपायला लागले. पाऊस असताना लागायचा आणि कोरड्या दिवशीही लागायचा. खड्ड्यांत लागायचा, गुळगुळीत रस्त्यावरही लागायचा. वही भरत गेली, पण काही जुळेना. तरी खोटं कशाला बोलू, त्या वहीत माझं मन रमायचं. देवाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं, या प्रश्नाचं कदाचित मिळेल असं वाटायचं.

आणि दिवा लागला की हे म्हणायचे, “पाणी.” मी बाटली पुढे करायची, ते मान फिरवायचे. डावा पाय आपटायचे. मला वाटायचं, चिडले आहेत. आजारपणाने माणूस चिडका होतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

श्रावणातल्या संकष्टीला सकाळी ह्यांनी डाव्या हाताने कॅलेंडरवर बोट ठेवलं. चतुर्थीचा चौकोन. मी न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी बोट काढलं नाही. अखेर मी चावी घेतली, पण मनातून नव्हते. पाऊस चार दिवस उघडला होता, ऊन कडक आणि हवा दमट, अंगाची नुसती चिकचिक. ए.सी. लावला आणि निघालो.

सेलू सोडून थोडं गेलो असू, दिवा लागला. ह्यांनी म्हटलं, “पाणी.” मी बाटली दिली. त्यांनी ती ढकलली, ती माझ्या हातातून खाली पडली. माझा तोल गेला. “पाह्यजे असन तं घ्या, नाई तं सांगू नोका! मी एकटी काय काय पाहू?” असं मी ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला उजवा हात वर येत नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचा रस्ता नीट दिसेना. तेवढ्यात दिवा लाल झाला आणि गाडीचा वेग आपोआप उतरला. बैलगाडीच्या चालीने आम्ही केळझरच्या टेकडीच्या पायथ्याशी पोचलो आणि एका कडुनिंबाच्या सावलीत गाडी थांबली ती थांबलीच.

मी खाली उतरून वर मंदिराकडे पाहिलं. मनात म्हटलं, आणलंस ना इथपर्यंत? आता तूच पाहा. ती प्रार्थना नव्हती. वैतागून बोललेलं वाक्य होतं ते.

पायऱ्यांवरून एक वयस्क जोडपं उतरत होतं. बाई आधी आमच्याकडे वळल्या. “ताई, दार उघडं ठेवा. भाऊले गरमून राह्यलं असन,” असं म्हणत त्यांनी स्वतःच ह्यांच्या बाजूचं दार उघडलं. त्यांचे यजमान मागून आले. धोतर, टोपी, खांद्यावर शेला. तळेगावला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, असं म्हणाले. एकदा खाली उतरून गेलो होतो, पण हिचा चष्मा वर राहिला म्हणून परत चढावं लागलं, नाहीतर आत्तापर्यंत एस.टी.त बसून निघालो असतो, हेही त्यांनी हसत सांगितलं.

“कवा कवा लागते हा दिवा?” समोरचा लाल दिवा बघून त्यांनी विचारलं.

“तेच तं समजून नाई राह्यलं, भाऊ,” म्हणून मी वही दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या सगळी वाचली. आजवर कुणी वाचली नव्हती.

“पाऊस असला तवाबी अन्‌ नसला तवाबी. मंग हे पावसाचं नाई,” ते स्वतःशीच पुटपुटले.

“पाणी,” हे आतून म्हणाले. माझा हात सवयीने बाटलीकडे गेला.

“थांबा ताई. काय म्हनून राह्यले हे?”

“पाणी म्हन्तेत. बिमारीपासून त्यायच्या तोंडून असंच काहीबी निघते. दिवा लागला का म्हन्तेत.”

“घरीबी म्हन्तेत?”

मी आठवून पाहिलं. घरी तहान लागली की हे तांब्याकडे बोट दाखवत. घरात हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. माझ्या इतक्या पानांच्या वहीत दिवा होता, रस्ता होता, आभाळ होतं. शेजारी बसलेला माणूस काय म्हणतो, ते एका ओळीतही नव्हतं.

ते गृहस्थ दाराशी उकिडवे बसले. ह्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आले. माझ्याकडे न बघता ह्यांनाच म्हणाले, “दादा, कुठी हाये पानी? मले दाखवा. घाई नाई.”

कित्येक महिन्यांत ह्यांना कुणी थेट प्रश्न विचारला नव्हता. सगळे मलाच विचारायचे. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डाव्या पायाची चप्पल काढून तळवा रबरी पायपुसण्यावर ठेवला आणि जोर देऊन दाबला. पायपुसण्याच्या कडेने बारीक बुडबुडे आले.

पायपुसणं उचललं तर खालचा गालिचा चिंब. पिळला असता तर तांब्याभर निघालं असतं. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. “ए.सी.चं पानी हाये हे. भाईर जायले पाह्यजे, अंदर येऊन राह्यलं.” मला एकदम उलगडलं. या दमट दिवसांत, पाऊस असो की ऊन, ए.सी. रोजच चालू होता. रोजचीच गोष्ट, म्हणून मी ती टिपलीच नव्हती.

गाडी बंद करून त्यांनी पुढची लहान बॅटरी सोडवली. ह्यांना आम्ही तिघांनी धरून झाडाखालच्या कट्ट्यावर बसवलं. “नारंगी वायरीले आपुन हात नाई लावायचा, तिथी मोठा करंट असते,” असं त्यांनी मला बजावून सांगितलं. गालिचा उचलला तर खाली तारांची एक काळी जोडणी पाण्यात बसलेली, आतल्या पितळेवर हिरवा गंज चढलेला. ती त्यांनी उघडून शेल्याने पुसली आणि उन्हात धरली. मग गाडीखाली वाकून एक बारीक रबरी नळी शोधली. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. गाडी महिनाभर अंगणात उभी होती, तेव्हाच केलं असणार. खराट्याच्या काडीने त्यांनी ते फोडलं, आणि इतक्या दिवसांचं अडलेलं पाणी भळभळ जमिनीवर आलं. कट्ट्यावर बसलेले हे हसले. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

सगळं कोरडं व्हायला तासभर गेला. त्या बाईंनी पदराखालून प्रसादाचा नारळ काढून आम्हाला खोबरं दिलं. गाडी सुरू केली, दिवा लागला नाही. “तरी दुकानात दाखवजा ताई. ते जोडनी बदलाच लागन,” एवढं सांगून ते दोघं रस्त्याकडे निघाले. त्यांना नमस्कार करावा, नाव विचारावं, हे सुचेपर्यंत त्यांची एस.टी. आली आणि ते गेले. पुढे दुरुस्ती केंद्रात ती जोडणी बदलून घेतली. बॅटरी थोडी थकली आहे, पण चालेल, असं या वेळी तिथल्यांनीच सांगितलं.

चष्मा विसरणं योगायोग म्हणता येईल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी रागाने ‘तूच पाहा’ म्हटलं, आणि खरोखर पाहणारा माणूस आला. त्याने माझ्या देखत माझ्या माणसाचं म्हणणं ऐकलं, आणि ऐकायचं कसं ते मला दाखवून दिलं. त्या गणपतीचे आणि त्या दोघांचे उपकार मी कुठल्या तोंडाने सांगू? देवावर सोपवून द्यायचं म्हणजे डोळे मिटून गप्प बसायचं, असं मी समजत होते. त्या दिवसापासून वाटतं, आपलं आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर खाली ठेवलं, की तेवढ्या जागेत देवाला बोलता येतं.

पुढच्या संकष्टीला ह्यांना पायथ्याशी सावलीत बसवून मी एकटी वर गेले. मागायचं बरंच काही ठरवलं होतं. मूर्तीसमोर हात जोडले आणि त्यातलं काही मागावंसं वाटलं नाही. नुसती उभी राहिले. खाली आले तेव्हा हे टेकडीकडे बघत होते. मला पाहून एक नवाच शब्द म्हणाले, “सुतार.” काय सुतार, कोण सुतार, मला काही कळलं नाही. मी गाडीचं दार उघडं ठेवलं, त्यांच्या पायाशी दगडावर बसले आणि म्हटलं, “सांगा. मी बसली हावो.”