पाठमोरी तपासणी

सन १९६२. मी चोवीस वर्षांचा, चौथी नापास, आणि गावच्या दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर खाडीपलीकडच्या इस्पितळात असायचे. आमच्याकडे महिन्यातून दोनदा. गावच्या पोस्टात फोन बसला तेव्हा त्यांनी तीन गावांच्या कंपाउंडरांना आठ दिवस बोलावून शिकवलं.

शिकवणं कसलं, अपमानच. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसायचे. रोगी आमच्यासमोर. "बोला, मी फोनवर आहे."

मी म्हटलं, "कावीळ आहे."

"कावीळ मी म्हणेन. तू डोळ्यांचा रंग सांग. मला तुझे डोळे नि हात हवेत."

बाकीचे दोघे हसले. सात वर्षं बाटल्या भरत होतो मी, निम्मं गाव मलाच डॉक्टर म्हणायचं. त्या हसण्याचा राग मनात धरूनच घरी आलो.

महिन्याभरानं कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं बोलावलं. सून दोन दिवस पोट धरून होती, ओकत होती. परक्या बाप्यानं सुनेच्या पोटाला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. मी उंबऱ्यावरूनच पाहिलं. वायू असणार, म्हटलं. तरी म्हाताऱ्याच्या समाधानासाठी त्याला घेऊन पोस्टात गेलो, फोन लावला. फोनवर ओरडावं लागे, त्यामुळे पोस्टातली सगळी माणसं ऐकत होती.

"पोट मऊ आहे, साहेब."

"हात लावलास?"

"हो."

"मग दाबताना जास्त दुखलं, की सोडताना?"

मागून म्हातारा म्हणाला, "यानं हात कवा लावला? उंबऱ्याव तर हुबा व्हता!"

पोस्टमास्तरांनी सुद्धा मान वर केली. शेवटी मीच म्हणालो, "नाही लावला."

"जा, बेंबीच्या उजवीकडे खाली दाबून एकदम सोड, मग डावीकडे. अर्ध्या तासानं मी फोन करतो. दुपारी ओहोटी लागली की खाडीवरची तर बंद, होडी चालायची नाही. आतड्याला सूज असली तर ती रात्र काढणार नाही."

मी धावलो. म्हातारा मागून. दारात सासू आडवी. "हात लावशील तर कोयता हाय घरात."

"मग तू लाव."

"मी काय डाक्टरीण हाय?"

"मी तरी कुठं आहे!" हे शब्द तोंडातून निघाले कसे, आजही कळत नाही.

मी ओटीवर दाराकडे पाठ करून बसलो. "बेंबीच्या उजव्या अंगाला, खाली. सावकाश दाब. दाबलंस?"

"व्हय."

"आता एकदम हात काढ."

आतून अशी किंकाळी आली की समोरच्या वाळवणीवरचे कावळे उडाले.

"दाबताना ओरडली, की सोडताना?"

"सोडताना रं! कान फुटलं का तुजं?"

"पुन्हा एकदा. डाव्या अंगाला."

डाव्या अंगाला सोडलं तरी दुखलं उजवीकडेच. पोट फळीसारखं लागतंय, अंग तापलंय, सासू आपणहून सांगू लागली. मी काही ठरवलं नाही. तिचे शब्द तसेच घोकत पोस्टात गेलो. घंटा वाजतच होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. "हात कुणाचा?"

"सासूचा."

"बरं. आत्ता उचला. पलीकडे जीप उभी करतो."

खुर्चीला बांबू बांधून चौघांनी तिला धक्क्यावर नेली. पाणी उतरायला लागलं होतं. तरवाला शिव्या देतच निघाला. मी गुडघाभर चिखलात उभा राहिलो, होडी पलीकडे टेकेपर्यंत.

पोस्ट बंद व्हायच्या वेळी डॉक्टरांचा फोन आला. आतड्याचं शेपूट फुटायच्या बेतात होतं, कापून काढलं, बाई शुद्धीवर आहे. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यात गेलो. सासू बोंबील टांगत होती. म्हटलं, "मावशे, हात धू आणि दवाखान्यात चल. बायांची पोटं तू बघायची."

"आनि तू काय करशील?"

"पाठ करून बसेन," म्हटलं, आणि तिच्या हातातले बोंबील घेऊन मीच दोरीवर टांगायला लागलो.