मिलिटरीच्या केबलला भाताचा मांड

चहा खाली ठेवा आधी. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा एकानं हसता हसता कप माझ्याच लेंग्यावर उपडा केला. फजिती माझी ती माझी, वर लेंगाही माझाच!

मी चौथी नापास. पण मिलच्या सायझिंग खात्यात माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. सायझिंग म्हणजे काय, ठाऊक आहे? कुठून असणार! तुम्ही तयार शर्ट घालणारी माणसं. अहो, मागावर चढायच्या आधी सुताला खळ पाजावी लागते. नाहीतर धागा पिंजतो, तुटतो. त्या उकळत्या खळीच्या वाफेत मी एकवीस वर्षं काढली. तेव्हा वासाचा वैताग यायचा. बायको म्हणायची, "अंगाक भाताचो वास येता तुमच्या."

मग संप झाला. चार दिवसांत मिटेल म्हणाले. मिटला असं अजून मला कुणी येऊन सांगितलेलं नाही.

दोन वर्षं घरी बसलो. मग लालबागलाच एका गाळ्यात काम मिळालं. मिलिटरीच्या गाड्यांसाठी जंपर केबल बनवायच्या. ट्रकची बॅटरी बसली की दुसऱ्या ट्रकच्या बॅटरीतून जोर आणायचा, ती केबल. अंगठ्याएवढी जाड, टोकांना मगरीच्या जबड्यासारखे चिमटे. मी पहिल्याच दिवशी शेठला बजावलं, "शेठ, मिलचा भोंगा वाजला की मी चाललो. एक दिवस थांबणार नाही."

शेठ हसला. "जरूर जाओ, बाबलभाई. तब तक हाथ चलाओ."

आता कामातली मेख ऐका. त्या केबलच्या रबराच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात, शेकड्यांनी. रबर सोललं की त्यांचा झाडू होतो. तो झाडू तांब्याच्या टोपणात बसवायचा आणि मशीनखाली दाबायचा. एक तार बाहेर राहिली की माल नापास. आमचा विन्या, आयटीआय शिकलेला फिटर, प्रत्येक टोकाला एक नवी शिवी घालायचा.

मी दोन दिवस बघत राहिलो. माझे हात शिवशिवायला लागले. अहो, हे तर सूतच की! पिंजणारच! याला खळ नको?

घरी आलो तर बायको भाताचा मांड गाळत होती. मी तपेलं उचललं.

"अहो, ह्या मांडाचा काय करतलास?"

"वायरीक पाजतलंय."

"हय पोरांका पेज पुरना नाय, आणि तुमी वायरीक पाजतास? डोक्यार पडलास काय?"

"मिलिटरीचा काम आसा, गो! देशाचा!"

देश म्हटल्यावर तिनंच तपेल्यावर झाकण ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तारांची टोकं घट्ट मांडात बुडवली, पिळली, स्टोव्हवर शेकली. कसली झाली म्हणून सांगू! मेणबत्तीसारखी ताठ! टोपणात सुळकन आत. एक तार इकडची तिकडे नाही.

विन्या बघतच राहिला. "बाबलकाका, काय लावलंत?"

"मिलची विद्या आहे ती. आयटीआयत नाही शिकवत."

आम्ही माल तपासायचो तो छोटा बल्ब लावून. बल्ब लखलख पेटला. मग काय विचारता! शेठ मला मास्तर म्हणायला लागला. एका तपेल्यानं भागेना, तर चाळीतल्या सात बिऱ्हाडांचा मांड गोळा होऊ लागला. समोरची म्हातारी रोज विचारायची, "आज सैन्याक किती होयो?" आठवड्यात वीस जोड तयार. ऐंशी टोकं. आणि ऐंशीच्या ऐंशी पाजलेली!

आला मिलिटरीचा सुभेदार माल तपासायला. सातारकडचा, कपाळावर कायमची आठी. त्याला बल्ब-बिल्ब मंजूर नव्हता. ट्रकच घेऊन आला, तोही बॅटरी बसलेला. शेजारी चालू ट्रक उभा केला, केबल जोडली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मार सेल्फ!"

ट्रकनं नुसतं 'घुर्र' केलं. पुन्हा 'घुर्र'. मग चिमट्यापासून बारीक धूर निघाला, आणि सगळ्या गाळ्यात वास पसरला.

सुभेदारानं नाक वर केलं. "कोण भात करपवतंय रं?"

विन्या छताकडं बघायला लागला. सुभेदारानं टोपण कापायला लावलं. आत काळी खरवड!

"हे काय हाय?"

"खळ, साहेब," मी म्हणालो. "मिलच्या सायझिंग खात्यात सुताला पाजायचो, तीच. तार पिंजू नये म्हणून."

"आन् बर्फात माझी गाडी बंद पडली, तर काय करू? तिला लोणच्याबरोबर पेज वाढू?"

तेव्हा विन्यानं समजावलं. बल्बाला चिमूटभर वीज पुरते. ट्रक ओढतो ती धबधब्यासारखी, आणि मध्ये सुकलेला मांड आडवा आला की तापतं, जळतं. आधी नाही का सांगायचं, शहाण्या?

शेठचं तोंड पांढरं पडलं. "बाबल, ये मिलेटरी का माल है, धोती नहीं! कल से मत आना."

पुन्हा दोन वर्षं ओट्यावर बसायचं? बायकोला काय तोंड दाखवू?

सुभेदार अजून त्या कापलेल्या टोपणाकडंच बघत होता. म्हणाला, "थांबा शेठ. एक तार वाकडी न्हाई. हात चांगला हाय याचा. डोकं तेवढं मिलमध्ये राहिलंय. ऐंशीच्या ऐंशी टोकं ह्यानंच नवी करायची. चार दिवसांनी येतो. तवा जमलं न्हाई तर मीच हाकलीन."

केबल वीतभर जास्तच कापलेल्या होत्या म्हणून वाचलो. एकेक टोक छाटायचं, नवं सोलायचं, नाकाला लावायचं. मांड कुठं आत मुरला नाही ना, ते बघायला. निदान शेठला मी तसं सांगितलं.

पहिल्या तीन टोकांना खरंच बघत होतो. चौथ्या टोकापासून नुसता वास घेत होतो, छाटलेल्या तुकड्यांचासुद्धा. डोळे मिटले की वाफ, पट्ट्यांची फडफड, आणि सुताचा रूळ भरला की पलीकडून जॉबरची, आमच्या मुकादमाची, हाक, "बाबल, बीम भरला!" एकवीस वर्षं ज्याला नाकं मुरडली, तो वास. डोळ्यांत पाणी आलं. शेठला वाटलं, माणूस पस्तावलाय. वाटू दे.

चौथ्या दिवशी सुभेदार आला. केबल जोडली, सेल्फ मारला. ट्रक असा गरजला की गाळ्याचे पत्रे थडथडले! वीसच्या वीस जोड पास!

सुभेदारानं कागद पुढं केला. "हितं लिहा. काम करणाऱ्याचं नाव आणि खातं."

माझी छाती फुगलेली. चौथी नापास असलो तरी हे दोन शब्द मला झोपेतसुद्धा लिहिता येतात. ऐटीत लिहिलं, सही केली.

सुभेदारानं वाचलं. माझ्याकडं बघितलं. आणि पास झालेली केबल परत उचलून नाकाला लावली.

मी लिहिलं होतं: बाबल, सायझिंग खातं.