लांबून दिसणारं डोरलं

दिवाळीच्या आधी पाथर्डीला बचत गटांचं प्रदर्शन भरतंय आणि बाहेरच्यांनाही टेबल मिळतंय, असं कळल्याबरोबर मी पुढचा-मागचा विचार न करता हो म्हणून टाकलं. पुण्यातल्या प्रदर्शनांत हल्ली दर दुसरी बाई दागिने घेऊन बसलेली असते. मीही त्यातलीच. स्वयंपाकाच्या ओट्यावर पितळी तार, पक्कड आणि मणी घेऊन दागिने करते. माझी खासियत मंगळसूत्रं. गळ्याबरोबरची, ऑफिसला चालतील अशी, मोजके काळे मणी आणि मध्ये एक पितळी पाकळी. "अगं, मंगळसूत्र आहे हे कळतच नाही!" ही माझ्या गिऱ्हाइकांची सगळ्यात मोठी दाद. घटस्फोटानंतर माझा स्वतःचा गळा मोकळा असतो, त्यावरून मैत्रिणी मला भरपूर चिडवतात. चिडवू देत, धंदा तो धंदा.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. पाटीवर अहिल्यानगर असतं, पण सगळे ओरडतात "नगर, नगर"च. सुप्याजवळ कंपन्यांच्या बसगाड्या आणि ट्रक यांच्या मधून आमची गाडी अक्षरशः रांगत होती, तेवढ्यात खिडकीतून वडापाव घेऊन झाला. नगरला गाडी बदलायची. पुढे करंजीचा घाट ओलांडला की कपाशी, तूर, बाभळी आणि खूप मोठं आकाश. स्टँडजवळच्या लॉजवर सातशे रुपयांत खोली मिळाली. सकाळी गरम पाण्याची एकच बादली देतात, तेव्हा केस धुवायचा बेत करू नका. खानावळीत शेंगोळे मात्र मागा. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या लसणाच्या रश्श्यात शिजवतात. मी दोन्ही दिवस तेच खाल्ले आणि दोन्ही वेळा डोळ्यांतून पाणी काढलं.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला. बायका टेबलाशी थांबत, कानातली बघत, आणि मंगळसूत्रांवरून नजर अशी पुढे नेत की जणू तिथे काही मांडलेलंच नाही. शेवटी एकीनं माझं सगळ्यात लाडकं मंगळसूत्र उचललं, बोटावर लोंबकळवलं आणि विचारलं, "मनगटी केवढ्याला दिली?"

"मनगटी नाही हो, मंगळसूत्र आहे."

ती इतकी हसली की बाजूच्या चार जणी गोळा झाल्या. "आगं बया! आमी लेकराला नजर लागू नये म्हनून असलं बांधतो!" आणि तिनं नातवासाठी खरोखरच दोन घेतली. पोराच्या मनगटाला दोन-तीन वेढे बसतील अशा कड्या लावून द्यायला सांगितलं. मी पैसे घेतले, पण तोंड कसं ठेवावं ते कळेना.

शेजारच्या टेबलावर कुरडया-पापड विकणाऱ्या मंदाकाकू गावातल्याच, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईचं घरदार त्यांना पाठ. त्या म्हणाल्या, "ताई, हितं डोरलं म्हंजी डोरलं दिसाया पायजे. तुमचं लपतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदाकाकू जेवायला गेल्या, आणि मांडवाच्या खांबाशी केव्हाची उभी असलेली एक बाई लगबगीनं माझ्याकडे आली. तिशीची असेल. हात राकट, कपाळावर गोंदण, गळा मोकळा. नाव मी विचारलं आणि तिनं सांगितलंही, पण ते इथे लिहिणार नाही.

"मोठं डोरलं हाय का? दोन वाट्यांचं?"

"कुणासाठी हवंय?"

"मलाच." मग खाली बघून म्हणाली, "मालक वारलं. तीन वर्सं झाली."

तिनं भराभर सांगितलं, मंदाकाकू यायच्या आत संपवायचं असल्यासारखं. परवा ती ऊसतोडीला निघणार होती, भावाबरोबर; भावजय बाळंतपणामुळे घरी राहणार होती. ऊसतोडीत दोघांच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईला कुणी नेत नाही.

"औंदा टोळी नवी हाय. वळखीचं कुनी न्हाई. भाऊ गाडीसंगं कारखान्यावर गेला की खोपीत मी एकलीच. गळा मोकळा दिसला की मानसं पानी मागाया येत्यात. डोरलं आसलं की लांबूनच जात्यात."

"आणि नवरा कुठे म्हणून विचारलं तर?"

"दुसऱ्या टोळीत हाय म्हनायचं. भाऊच म्हनला, घे म्हून."

भावानं! मी हादरले ती इथे. बरोबर सख्खा भाऊ असताना बहिणीच्या राखणीला मेलेला नवरा लागत होता, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"इथे सोनाराकडे मिळालं असतं की," मी म्हणाले.

"त्यो वळखतो. सांजच्यापातूर गावभर झालं आसतं. तुमी बाहेरच्या."

पेटीच्या तळाशी मोठ्या पितळी वाट्यांची एक जोडी होती, पुण्यात कुणी हात न लावलेली. मी पाच-सहा मंगळसूत्रं उसवली. महिनाभराचं काम होतं ते, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. काळे मणी दुपदरी ओवायला घेतले तेव्हा तिनं माझा हात धरला. "दोऱ्यात नगं. मोळी उचलताना तुटतो. पयलं तसंच तुटलं. तारंत ओवा." मी तारेत ओवलं. पैसे नको म्हटलं तर तिला चक्क राग आला. "डोरलं फुकाट घेत न्हाईत." घासाघीस करून तिनं दोनशे दिले.

मग गळ्यात घालून ती मांडवाच्या दारापर्यंत गेली, वळली, पदर जरा बाजूला सारला आणि माझ्याकडे बघत राहिली. दिसतंय का? मी मान हलवली. लख्ख दिसत होतं. तिनं ते लगेच काढून कनवटीला लावलं आणि गेली.

दारातच तिला मंदाकाकू आडव्या गेल्या. येऊन त्यांनी विचारलं, "काय घेतलं वो तिनं? तिचा तर नवरा न्हाई."

"भावजयीसाठी डोरलं घेतलं," मी म्हणाले. मला इतकं सरळ खोटं बोलता येतं हे मलाच नवीन होतं.

"लई गुनाची पोर," मंदाकाकू म्हणाल्या आणि कुरडया झाकायला लागल्या.

संध्याकाळी नगरला पोचले तर पुण्याची गाडी खच्चून भरलेली. स्टँडबाहेर एक जीप पुण्याला निघाली होती, आत दोन बायकाही होत्या, म्हणून बसले. सुप्याला त्या बायका उतरल्या. उरले मी, मागे बसलेले दोघं पुरुष आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "मॅडम एकट्याच का? घरी कोन कोन आसतं?" कदाचित नुसतंच विचारलं असेल, वेळ जावा म्हणून. मागचे दोघं बोलायचे थांबले.

"मिस्टर येतायत घ्यायला," मी म्हणाले. पुण्यापर्यंत मग कुणी काही विचारलं नाही, आणि घ्यायला अर्थातच कुणी आलं नाही.

घरी येऊन पेटी उघडली. विकली गेलेली, उसवलेली, उरलेली मंगळसूत्रं जुळवून बघितली तर एक कमी. पाकळीचं, सगळ्यात नाजूक. जीपमध्ये पडलं असेल म्हणून हळहळत तोंड धुवायला गेले आणि आरशात बघून तशीच उभी राहिले. ते माझ्या गळ्यात होतं. कधी घातलं, आठवत नाही. एवढंसं, लपणारं. आणि ते दिसावं म्हणून मी ओढणी मागे टाकून पिनेनं घट्ट लावली होती.